शाप, अट आणि उःशाप: अलौकिक रोमकॉम अ‍ॅनिमे कसा पारखावा

तोरू होंडा नावाच्या मुलीचा पाय घसरतो, ती समोरच्या मुलाच्या अंगावर पडते आणि त्या मुलाचं मांजर होतं. 'फ्रूट्स बास्केट' या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या, अगदी सुरुवातीचा हा प्रसंग. पहिल्यांदा बघताना हसू येतं. बरेच भाग उलटल्यावर याच गोष्टीवर डोळे भरून येतात, आणि गंमत म्हणजे मधल्या काळात नियमातला एक शब्दही बदललेला नसतो. सोमा घराण्यातल्या शापित मुलाला परक्या मुलीने मिठी मारली, किंवा शापित मुलीला परक्या मुलाने, की त्या शापिताचं जनावर होतं. एवढंच.

गेली बरीच वर्षं मी अलौकिक रोमकॉम या एका प्रकाराच्या मागे लागले आहे. भूत, देव, राक्षस, परग्रहवासी किंवा शाप यांपैकी काहीतरी, त्यात कोवळ्या वयातलं प्रेम, आणि वरून विनोद. जपानी टीव्हीवर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत नव्या मालिका सुरू होतात आणि या प्रकारातलं काही ना काही सतत येत असतं. त्यातल्या बहुतेक मालिका मी तिसऱ्या भागानंतर सोडते. ज्या धरून ठेवतात त्या का धरून ठेवतात, याचा शोध घेता घेता हातात एक पद्धत आली. ती इथे पायरीपायरीने मांडते. सोबत एक वही घ्या. एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो, म्हणजे तीन भाग हे सव्वा तासाचं काम आहे. तेवढ्यात मालिकेचा कस लागतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्या पुराणांत शाप आला की त्याच्या मागोमाग उःशाप येतो, आणि दोन्हींच्या मध्ये एक अट असते. चांगल्या अलौकिक रोमकॉममध्ये तीच अट त्या दोघांच्या आड येते, तीच आपल्याला हसवते आणि तीच रडवते. ज्या मालिकेत या तीन कामांना तीन वेगळ्या गोष्टी लागतात, तिचे सांधे दिसू लागतात.

पायरी १: अट एका वाक्यात लिहा

पहिला भाग संपला की थांबा. पुढचा भाग आपोआप सुरू होऊ देऊ नका. वहीत एकच वाक्य लिहा: या जगात काय केलं की काय होतं?

'फ्रूट्स बास्केट'चं वाक्य वर आलंच आहे. रुमिको ताकाहाशींच्या 'रान्मा १/२'चं वाक्य त्याहून सोपं: थंड पाणी पडलं की रान्माची मुलगी होते, गरम पाणी पडलं की परत मुलगा. ज्युलिएता सुझुकी यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) आलेल्या 'कामिसामा किस'चं असं: देवीने चुंबन घेऊन करार केला की सेवक कोल्ह्याला तिची प्रत्येक आज्ञा पाळावीच लागते.

वाक्य लिहिताना 'पण', 'मात्र', 'कधीकधी', 'एक विशेष शक्ती असलेला' असे शब्द यायला लागले तर ती पहिली धोक्याची खूण समजा. आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवा. वसा काय, तो कसा घ्यायचा, टाकला तर काय होईल, हे आजी दोन ओळींत सांगून मोकळी व्हायची. 'उतू नकोस, मातू नकोस' एवढ्यावर सगळं पुढचं नाट्य उभं राहायचं. अट जितकी आटोपशीर, तितकी बघणाऱ्याला पुढची फजिती आधीच दिसते. रान्मा पुलावरून जात असेल तर आपण खाली नदीकडे बघतो. विनोदाची निम्मी तयारी तिथेच झालेली असते.

पायरी २: भूत खोडून पाहा

आता वहीतल्या वाक्यावर मनातल्या मनात काट मारा. शाप नाही, कोल्हा नाही, परग्रहवासी नाहीत. उरलेली प्रेमकथा चालते का?

जर ती जशीच्या तशी चालत असेल, म्हणजे मुलगा लाजाळू, मुलगी धिटुकली, मध्ये शाळेचा वार्षिक उत्सव, समुद्रकिनाऱ्याची सहल आणि शेवटी कबुली, तर भुताला त्या मालिकेत फक्त पोशाखापुरतं काम आहे. अशा मालिका वाईटच असतात असं नाही. पण लक्षात राहतात त्या वेगळ्या.

युकिनोबू तात्सू यांच्या 'दानदादान'वर ही काट मारून बघा. त्यांची मांगा २०२१ मध्ये सुरू झाली आणि सायन्स सारू स्टुडिओचा अ‍ॅनिमे ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. मोमो आयासेचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. तिच्या शाळेतल्या एकट्या पडलेल्या मुलाचा परग्रहवासीयांवर विश्वास आहे, भुतांवर नाही. दोघं पैज लावतात: ती जाणार परग्रहवासी दिसतात म्हणतात त्या पडक्या इस्पितळात, तो जाणार झपाटलेल्या बोगद्यात. दोघांनाही आपण ज्याला खोटं म्हणत होतो तेच भेटतं. यातून भुतं आणि परग्रहवासी काढून टाकले तर भेटच उरत नाही. त्याने जिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही तिचंच खरं निघालं, आणि तिच्या बाबतीतही तसंच घडलं. दोन माणसं एकमेकांच्या जवळ येण्यासाठी याहून चांगलं कारण सापडणं अवघड आहे.

पायरी ३: एकाच अटीची तीन कामं मोजा

ही पायरी सगळ्यात मोलाची, म्हणून इथे वेळ द्या. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: हसू, दुखणं, जवळीक. तीन भागांत अट जिथे जिथे वापरली गेली, तो प्रसंग ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा.

'फ्रूट्स बास्केट'मध्ये हसण्याचा रकाना लगेच भरतो. तोरू क्यो या मुलावर पडते, त्याचं मांजर होतं. पुन्हा माणूस होताना अंगावर कपडे नसतात. सोमा कुटुंबातल्या बारा जणांना जपानी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांचा शाप आहे आणि मांजर त्या चक्राबाहेरचं, तेरावं. गर्दीत कुणाचा धक्का लागेल या धास्तीने त्यांचं रोजचं जगणं म्हणजे एक कसरतच आहे.

मग दुसरा रकाना. मिठी मारली की जनावर होतं, याचा अर्थ आईला आपल्या मुलाला पोटाशी धरता येत नाही. मोमिजी हा सशाचा शाप असलेला, सतत बागडणारा मुलगा. त्याच्या आईला हे सोसलं नाही. तिच्या मनातून मुलाची आठवणच पुसून टाकली गेली, आणि मोमिजी हे हसऱ्या चेहऱ्याने सांगतो. इथे मालिकेने नवं दुःख बाहेरून आणलेलं नाही. पहिल्या भागात ज्यावर आपण हसलो तेच उलटं करून समोर ठेवलं आहे. लेखिका नात्सुकी ताकाया यांचं कसब मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

आणि तिसरा रकाना. जगातल्या इतर प्रेमकथांमध्ये मिठी हा शेवट असतो. इथे प्रेमाची सगळ्यात साधी खूणच बंद आहे, म्हणून बाकीच्या बारीकसारीक गोष्टींना वजन येतं. भाताचा गोळा करून देणं, छपरावर शेजारी बसणं, आजारपणात दाराबाहेर थांबणं. तोरूने लहानपणी उंदराने मांजराला फसवल्याची गोष्ट आईकडून ऐकली होती आणि कुत्र्याच्या वर्षात जन्मलेली असूनही आपण मांजराच्या वर्षाचं व्हायचं असं तिने ठरवलं होतं. क्योला हे कळणं हीच त्याच्यासाठी मिठी आहे.

'कामिसामा किस'मध्ये तीच कसोटी वेगळ्या चवीची लागते. नानामीचा बाप जुगारात कर्ज करून पळालेला. बेघर झालेल्या नानामीने बागेत कुत्र्याला घाबरून झाडावर चढलेल्या एका माणसाची सुटका केली. त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकवून आपलं देऊळ आणि देवपण तिच्या हवाली केलं. देवळात तोमोए हा कोल्हा, नव्या देवीची सेवा करायची म्हणून भडकलेला. उंचावरून खाली कोसळत असताना ती त्याचं चुंबन घेते, करार होतो आणि तिची आज्ञा त्याला बांधते. जपानी लोक शब्दांतल्या या शक्तीला 'कोतोदामा' म्हणतात. हसू कुठे आहे हे दिसतंच: मानी कोल्हा दातओठ खात आज्ञा पाळतो. पण जरा पुढे विचार करा. जो माझं ऐकायला बांधलेला आहे, त्याच्या तोंडून 'तू मला आवडतेस' हे आलं तर ते त्याचं स्वतःचं म्हणावं का? आणि पहिलं चुंबन जर करार होता, तर दुसरं काय? मालिका हे प्रश्न कुठेही मोठ्याने विचारत नाही. तुम्ही रकाने भरत गेलात तर ते आपोआप वर येतात.

तीन भागांनंतर तिसरा रकाना रिकामा असेल तरी घाई करू नका; जवळीक उशिरा येते. दुसरा रकाना पूर्ण कोरा असेल तर मात्र मी मालिका सोडते.

पायरी ४: भुताचं मूळ गाव शोधा

आपल्याकडे मुंजा पिंपळावर असतो, हडळीचे पाय उलटे असतात. हे कुणी एका लेखकाने ठरवलेलं नाही, म्हणूनच त्यात दम असतो. जपानी भुतांचंही तसंच आहे. मालिकेतलं भूत लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या गोष्टीतून आलंय की लेखकाने सोयीपुरतं बनवलंय, हे शोधायला दहा मिनिटं खर्च करा. बघण्याचा आनंद दुप्पट होतो.

ताकाहाशींच्या 'उरुसेई यात्सुरा'मधली लम घ्या. ही मांगा १९७८ मध्ये सुरू झाली. डोक्यावर दोन शिंगं, अंगावर वाघाच्या पट्ट्यांचे कपडे, परग्रहावरून आलेली. ती 'ओनी' आहे, म्हणजे जपानी राक्षस. जुन्या दिशाशास्त्रात ईशान्येला 'राक्षसांचं दार' मानत आणि ती दिशा राशिचक्रातल्या बैल आणि वाघ यांच्यामध्ये पडते. म्हणून ओनीला बैलाची शिंगं आणि वाघाचं कातडं. फेब्रुवारीतल्या सेत्सुबुन सणाला जपानी घरांत भाजलेले सोयाबीन फेकून 'राक्षस बाहेर, भाग्य आत' असं ओरडतात. जिला दरवर्षी दाराबाहेर हाकलायचं तीच इथे नवरी म्हणून घरात येऊन बसते. जपानी प्रेक्षकाला हा विनोद न सांगता कळतो. आपल्याला तो कमवावा लागतो.

कोल्ह्याची गोष्ट तर थेट आपल्या दारापर्यंत येते. इनारी या धान्याच्या देवाच्या मंदिरांत दगडी कोल्हे दिसतात; ते देवाचे दूत. पण बौद्ध तंत्रमार्गातून आपली डाकिनी जपानमध्ये गेली आणि 'दाकिनीतेन' झाली, पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली देवी. पुढे तिची आणि इनारीची सरमिसळ झाली. आयची प्रांतातलं प्रसिद्ध तोयोकावा इनारी हे खरं तर झेन पंथाचं बौद्ध मंदिर आहे आणि तिथे दाकिनीतेनचीच पूजा होते. मराठीत डाकीण म्हटलं की लहान मुलं पांघरूण डोक्यावर ओढतात. तिकडे तिला नैवेद्य दाखवतात. ताकाहाशींच्याच आणखी एका गाजलेल्या मांगाच्या नावात 'याशा' आहे, तो आपला यक्ष.

नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीबद्दल एदो काळातल्या (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या) कथा सांगतात की ती जपानमध्ये येण्याआधी चीनमध्ये होती आणि त्याही आधी 'तेनजिकू'त, म्हणजे भारतात, हानझोकु नावाच्या राजपुत्राला नादी लावून होती. हा हानझोकु म्हणजे महाभारतातला कल्माषपाद. आणि कल्माषपादाचा शाप आठवतो ना? पत्नीजवळ गेलास तर मरशील. स्पर्शाला बंदी घालणारा शाप! तोरू आणि क्योची गोष्ट बघताना मला हा राजा आठवल्याशिवाय राहत नाही.

मूळ प्राचीनच असायला हवं असं मुळीच नाही. 'दानदादान'मधली टर्बो आजी ही अलीकडची जपानी दंतकथा आहे: रात्री घाटातून किंवा बोगद्यातून गाडी जात असताना खिडकीबाहेर एक म्हातारी गाडीच्या वेगाने धावताना दिसते. तात्सूंनी हे एका ओळीचं भूत घेतलं, त्याला शिवराळ तोंड दिलं, आणि हळूच एक माया दिली. बोगद्याच्या परिसरात वाईट रीतीने मेलेल्या मुलींच्या आत्म्यांना ही म्हातारी सोबत करते. दंतकथेत नसलेली ही एक गोष्ट जोडल्याने भूत अंगावर येतं ते वेगळ्याच अर्थाने.

पायरी ५: हसण्यातून रडण्याकडे नेणारं वळण कानाने पकडा

चित्र बघता बघता हे निसटतं. म्हणून भावनेचा रंग बदलतो तो प्रसंग पुन्हा लावा आणि डोळे मिटून ऐका. संगीत कधी थांबतं? शांतता किती सेकंद टिकते? वाईट मालिकेत विनोदी ठेका संपायच्या आत पियानो सुरू होतो. तुम्हाला कुणीतरी दंडाला धरून रडायला नेतंय असं वाटतं.

उत्तम नमुना हवा असेल तर 'दानदादान'चा सातवा भाग बघा, पण पहिले सहा बघूनच. अ‍ॅक्रोबॅटिक सिल्की नावाचं लांब केसांचं भूत आयरा या मुलीला 'माझी पोर' म्हणून गिळू बघतं. हाणामारी, आरडाओरडा, मालिकेची नेहमीची धुमश्चक्री. आणि मग त्या भुताचं जिवंतपणीचं आयुष्य उलगडतं: एक एकटी आई, तिची लहान मुलगी, अनेक कामं करून जमवलेला संसार, आणि मुलीचं नाचणं. संवाद जवळजवळ नाहीत. ज्या मालिकेत दर दोन मिनिटांनी कुणीतरी किंचाळतं, तिने इथे बोलणंच सोडून दिलं आहे. तो भाग संपल्यावर मी बराच वेळ पुढचा लावू शकले नव्हते. केन्सुके उशिओ यांचं संगीत या मालिकेला आहे, आणि कुठे वाजवायचं नाही हे त्यांना नेमकं कळतं.

पायरी ६: हाक कशी बदलते ते लिहून ठेवा

मराठीत 'अहो'चं 'अरे' होणं, 'तुम्ही'चं 'तू' होणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावावं लागत नाही. जपानीत हेच काम आडनाव, नाव आणि त्यांना जोडलेल्या 'सान', 'कुन' अशा शेपटांनी होतं. इंग्रजी सबटायटलमध्ये ते बहुतेक वेळा हरवतं. म्हणून माझा आग्रह आहे की या प्रकारातली मालिका पहिल्यांदा मूळ जपानी आवाजात बघावी. हिंदी डब आता पुष्कळ मिळतात आणि काही छानही असतात. ते दुसऱ्या वेळेला ठेवा.

काय ऐकायचं ते सांगते. 'फ्रूट्स बास्केट'मध्ये उंदराचा शाप असलेला युकी तोरूला 'होंडा-सान' म्हणतो, आडनावाने, अदबीने. क्यो तिला 'तोरू' म्हणू लागतो. दोघंही एकाच घरात राहतात, एकाच टेबलाशी जेवतात, तरी कोण कुठे उभा आहे ते त्या दोन हाकांत आहे. 'दानदादान'मध्ये तो मुलगा मोमोला 'आयासे-सान' म्हणतो, भूत मानगुटीवर बसलेलं असतानाही. मोमोने मात्र त्याला 'ओकारुन' हे टोपणनाव दिलं आहे, 'ऑकल्ट' म्हणजे गूढविद्या या शब्दावरून. यामागचं कारण लोभस आहे. त्याचं खरं नाव केन ताकाकुरा. १९३१ ते २०१४ या काळातले ताकाकुरा केन हे जपानी पडद्यावरचे अबोल, करारी नायक, आणि मोमो त्यांची वेडी चाहती. समोरच्या चष्मेवाल्या बावळट मुलाला त्या नावाने हाक मारायची तर तिचा चेहराच लाल होईल. एक नाव टाळण्यात तिची अख्खी भावना लपलेली आहे. लम तिच्या मालिकेच्या नायकाला, अतारूला, थेट 'डार्लिंग' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी तिचा तो प्रसिद्ध 'दाच्चा' लावते. तिला लपवायचं काहीच नाही.

पायरी ७: आपण कुणावर हसतोय, हे तपासा

या प्रकारात अंगप्रदर्शन आणि जबरदस्तीचा विनोद बऱ्याचदा येतो, आणि ते न सांगता मालिका सुचवणं मला योग्य वाटत नाही. 'दानदादान'च्या पहिल्याच भागात परग्रहवासी मोमोला पकडून तिचे कपडे काढतात. मालिका त्यांना किळसवाणेच दाखवते, मोमो त्यांना चोपूनही काढते, तरी प्रसंग लांबतो आणि नकोसा होतो. ओकारुनचा पुरुषी अवयव टर्बो आजी पळवते, हा विनोदही शाळकरी मुलांसोबत बसून बघण्याचा नाही. 'उरुसेई यात्सुरा'मधला अतारू सतत मुलींच्या मागे असतो. लम त्याला विजेचे झटके देते, पण जुन्या मालिकेची नजर १९८० च्या दशकाची आहे. 'फ्रूट्स बास्केट'मध्ये अंगप्रदर्शन नाही, पण घरातल्या लहान मुलांवर झालेला अत्याचार आहे आणि तो खोलवर आहे.

माझी कसोटी अशी: त्या प्रसंगाची आठवण त्या पात्राला पुढे राहते का? राहिली तर लेखकाने तिला माणूस मानलं आहे. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं गेलं तर तो प्रसंग फक्त आपल्याला दाखवण्यासाठी होता.

पायरी ८: उःशापाची किंमत विचारा

तीन भागांत याचं उत्तर मिळणार नाही. पण प्रश्न तेव्हाच वहीत लिहून ठेवा: हा शाप सुटेल तो कशाने, आणि सुटताना काय जाईल? 'प्रेम जुळलं म्हणून शाप गेला' हे उत्तर फार स्वस्त आहे.

२०१८ च्या 'बनी गर्ल सेन्पाई'ची पहिली गोष्ट तीन भागांतच पूर्ण होते, म्हणून सरावाला चांगली. शाळेत शिकणारी माई ही प्रसिद्ध अभिनेत्री लोकांना दिसेनाशी होत चालली आहे. ती सशाचा पोशाख घालून ग्रंथालयात फिरते आणि कुणी मान वर करून बघत नाही. वर्गाने एखाद्याकडे बघायचंच नाही असं न बोलता ठरवलं की तो माणूस खरंच नाहीसा होतो, ही इथली अट. जपानी शाळेतल्या 'हवा ओळखून वागण्या'च्या सवयीला दिलेलं हे अलौकिक रूप आहे. मग उःशाप काय असणार? मालिकेचा नायक साकुता भर शाळेसमोर मैदानात उभा राहून ओरडून प्रेमाची कबुली देतो. सगळ्यांसमोर हसं होण्याची तयारी, हीच त्याची किंमत. कबुली हा प्रत्येक रोमकॉमचा ठरलेला प्रसंग. इथे तिच्यावाचून शाप सुटूच शकत नाही.

आणि सगळ्यात डौलदार उःशाप ताकाहाशींचा. 'उरुसेई यात्सुरा' सुरू होते शिवाशिवीच्या खेळाने: दहा दिवसांत अतारूने लमची शिंगं पकडली नाहीत तर पृथ्वी परग्रहवासीयांची. तो जिंकतो आणि आनंदाने ओरडतो की आता लग्न करता येईल. त्याच्या मनात त्याची मैत्रीण शिनोबू असते. लमला वाटतं ही आपल्यालाच मागणी. नऊ वर्षांनी, १९८७ मध्ये, मांगा संपते तीही त्याच शिवाशिवीने. फरक एवढाच की या वेळी खेळ थांबवायला अतारूने फक्त 'तू मला आवडतेस' म्हटलं तरी पुरे, आणि तेच तो म्हणत नाही. दडपणाखाली म्हटलेल्या शब्दाला लम खरं कसं मानेल, हा त्याचा हट्ट. पहिली अट गैरसमजाने प्रेम जोडून गेली, शेवटची तेच प्रेम मुद्दाम बोलून न दाखवता सिद्ध करायला लावते.

'फ्रूट्स बास्केट'चा शेवट मी फोडणार नाही. एवढंच सांगते की शाप सुटताना काही जण आनंदाने नव्हे, काहीतरी तुटल्यासारखे रडतात, आणि त्याचं कारण तुम्हाला तोवर ठाऊक झालेलं असतं.

कुठून सुरुवात करावी

पहिल्यांदाच या प्रकाराकडे वळत असाल तर 'कामिसामा किस' घ्या: २०१२ चे १३ भाग आणि २०१५ चे १२. हलकी आहे, लोककथा भरपूर आहे, आणि तिसऱ्या पायरीचा सराव त्यात सोपा जातो. टीव्ही मालिका गोष्टीच्या मध्येच थांबते. मूळ मांगा २५ खंडांची आहे. त्यानंतर 'बनी गर्ल सेन्पाई'चे १३ भाग, आठव्या पायरीसाठी.

मग 'दानदादान', दोन सीझन मिळून २४ भाग. भारतात ती नेटफ्लिक्स आणि क्रंचीरोल दोन्हींवर आली. बाकीच्या मालिकांचे हक्क बदलत राहतात, तेव्हा बघायच्या दिवशी शोधून घ्या.

'फ्रूट्स बास्केट'ची २०१९ ते २०२१ ची आवृत्तीच बघा. २००१ ची २६ भागांची मालिका गोड आहे, पण ती आली तेव्हा मांगा चालू होती आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. नव्या मालिकेचे ६३ भाग आहेत; रोज दोन बघितले तर महिनाभर पुरते. घाईने संपवू नका, विशेषतः दुसऱ्या सीझनमध्ये.

'उरुसेई यात्सुरा'ची जुनी मालिका १९८१ ते १९८६ या काळात १९५ भागांची झाली. २०२२ मध्ये सुरू झालेली नवी आवृत्ती ४६ भागांत निवडक गोष्टी घेते आणि शेवटच्या शिवाशिवीपर्यंत पोहोचते. नवी आधी बघा. लमशी ओळख झाली की जुन्या मालिकेतले सुटे भाग कुठूनही उचलून बघता येतात; फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या आसपास बघायला ते जास्त मजा आणतात.